जजसाहेबांना दीडला सोडायचं होतं

डेली सोपच्या कोर्टात न्याय कलाकारांच्या तारखांवर ठरतो. त्या दिवशी जज झालेल्या काकांचा संध्याकाळी नाटकाचा प्रयोग होता, म्हणजे त्यांना दीडला सोडायचं. मग नेहमीचंच: आधी जज-वकिलांची बाजू उरकायची, नंतर लाइट फिरवून साक्षीदाराचा पिंजरा.

सिडनी ल्युमेटनं ‘१२ अँग्री मेन’ (१९५७) हा सिनेमा असाच काढला. एक खोली, खटल्याचा निकाल ठरवणारे बारा ज्यूरर म्हणजे साधे नागरिक, पैसा बेताचा. एका भिंतीकडचे सगळे शॉट संपल्याशिवाय लाइट हलवायचे नाहीत. हेन्री फोंडा आणि ली कॉब हे नट समोरासमोर भांडतात ना, ते तुकडे मध्ये बरेच दिवस टाकून घेतलेत. सांधा शोधून दाखवा! पण त्याआधी दोन आठवडे तालीम झाली होती. आपण काटकसर तेवढी उचलली. आमच्याकडे सीन हातात पडतो तेव्हा प्रिंटरचा कागद अजून गरम असतो.

आणि बोरिस कॉफमनचा कॅमेरा! आधी नजरेच्या वरून, मग नजरेला नजर, शेवटी खालून. लेन्स लांब पल्ल्याच्या होत जातात, भिंती अंगावर येतात, अखेर छतही दिसायला लागतं. बासू चॅटर्जींनी १९८६ मध्ये ‘एक रुका हुआ फैसला’ केला, तेव्हा आपल्याकडून ज्यूरी कधीच गेली होती. तरी खोलीतली घुसमट पटली. आमच्या कोर्टाला तर छतच नाही, वर फळ्यांना लाइट टांगलेले. लो अँगल लावायचा कुठून? जजच्या टेबलावर हातोडा मात्र हवाच. आपल्या कोर्टांत तो नसतो, हे सांगून मी थकलो.

दुपारी पिंजऱ्यात ती नवी मुलगी. वकिलाच्या जागी असिस्टंट, पाढे म्हटल्यासारखा क्यू, म्हणजे वकिलाची वाक्यं, देतोय. दोन टेक वाया गेल्यावर ती म्हणाली, “दादा, क्यू नकोच. मी मनात ऐकते.” मी पन्नासची काढून पंच्याऐंशीची लेन्स लावली, चेहरा जवळ आणणारी. रिकाम्या खुर्चीकडे बघत ती उत्तरं देत गेली. एका प्रश्नाला मध्येच थांबली, कठड्यावरचा रंगाचा पोपडा नखानं उचकटला, आणि मग म्हणाली, “हो, मी खोटं बोलले.”

तालीम असती तर हा थांबा आला असता का? की समोर कुणी नव्हतं म्हणूनच आला? तालमीचा मी एवढा कैवारी, पण मला अजून ठरवता येत नाही.

एडिटला पहिला कापला तो थांबाच. चॅनेलचं म्हणणं, तिथं काही घडत नव्हतं.