संत जेरोम यांच्या खोलीत एक सकाळ

बर्लिनच्या मुक्कामातली एक सकाळ मी पॉट्सडामर प्लाट्झजवळच्या कुल्टूरफोरममधील मुद्राचित्रांच्या, म्हणजे ठशावरून कागदावर छापलेल्या चित्रांच्या, संग्रहासाठी राखून ठेवली होती. तिथल्या अभ्यासिकेत, आधी कळवलेले असले, तर एरवी कपाटात असणारी मूळ चित्रे आपल्यापुढे टेबलावर आणून ठेवतात. मी जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर यांचे १५१४ सालचे ‘अभ्यासिकेतील संत जेरोम’ मागवले होते. ज्याचे पोट भाषांतरावर चालते, त्याला बायबल नव्याने लॅटिनमध्ये आणणाऱ्या या संताची ओढ असायचीच. त्यांचा स्मृतिदिन, ३० सप्टेंबर, हाच जगभर भाषांतर दिन म्हणून पाळला जातो.

चित्र जेमतेम पंचवीस सेंटीमीटर उंचीचे आहे. पुढे सिंह अर्धवट डोळे मिटून पडला आहे, त्याच्याशेजारी कुत्रा गाढ झोपला आहे, बाकाखाली सपाता काढून ठेवल्या आहेत, आणि मागे मेजावर वाकून म्हातारे जेरोम लिहीत आहेत. डावीकडच्या खिडक्यांच्या गोल गोल काचांमधून ऊन आत येते आणि त्या काचांची नक्षी शेजारच्या भिंतीवर उमटते. भिंग लावून पाहिले तेव्हा कळले की ते ऊन म्हणजे निव्वळ कोरा कागद आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने जिथे रेघ पडते, तिथेच शाई भरते. पत्रा पुसून, त्यावर ओलसर कागद ठेवून दाबयंत्राखालून काढला की ती शाई कागदावर येते, तीही उलटी. म्हणजे जमिनीवरच्या पाटीवरील सही आणि साल ड्यूरर यांना उलटे कोरावे लागले असणार. सोनाराच्या घरात जन्मून, वडिलांच्याच हाताखाली शिकलेला त्यांचा हात रेघारेघांत दिसतो.

मी सर्वांत जास्त वेळ पाहिला तो मात्र उजवीकडे छताला टांगलेला भोपळा. बायबलमधल्या योना संदेष्ट्यावर सावली धरणाऱ्या वेलीला जुन्या लॅटिन बायबलात भोपळा म्हटले होते. जेरोम यांनी मूळ हिब्रू शब्द तपासून तिथे ‘आयव्ही’ हे दुसऱ्याच वेलीचे नाव घातले. आफ्रिकेतल्या एका गावात हे नवे भाषांतर वाचले जाताच, पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडलेला शब्द बदलला म्हणून लोकांनी गोंधळ घातला, आणि आफ्रिकेतलेच बिशप संत ऑगस्टिन यांनी पत्र लिहून तसे जेरोम यांना कळवले. चित्रातल्या भोपळ्याचा संबंध अभ्यासक याच वादाशी जोडतात, आणि मला ते मनापासून पटते. एका शब्दावरून वाचकांची बोलणी मीही खाल्ली आहेत, तेव्हा त्या फळाच्या देठाजवळचा वेटोळे घेतलेला तणावा मी भिंगातून पुन्हा पुन्हा पाहत राहिलो. तो वाद असा डोक्यावर लोंबकळत असताना जेरोम मात्र मान वर न करता लिहीत आहेत.