चेनसॉचा थ्रॉटल रॉड सारखा निसटत होता, शेवटी कारण सापडलं

लाकूड कापता कापता ट्रिगर एकदम मोकळा लागायचा, इंजिन चालू पण रेस घेतच नाही. वरचं कव्हर काढून बघितलं की थ्रॉटलचा रॉड (ट्रिगरची ओढ कार्बोरेटरपर्यंत नेणारी तार) कार्बोरेटरच्या लिव्हरमधून निघून नुसता लोंबकळतोय. परत अडकवला की मशीन मस्त चालायचं आणि थोडं काम झालं की परत तेच. केबल टायने बांधून टाक असं मला सांगण्यात आलं होतं, पण ते मी केलं नाही आणि कोणी करूही नये. रॉड निसटला तर निदान बटरफ्लायची (कार्बोरेटरमधली थ्रॉटलची झडप) स्प्रिंग थ्रॉटल बंद करते आणि चेन थांबते. पण रॉड किंवा टाय कुठेतरी अडकून थ्रॉटल उघडाच राहिला तर ट्रिगर सोडूनही चेन फिरत राहणार, आणि फुल रेसवर चेनचा वेग सेकंदाला 20 मीटरच्या आसपास असतो.

मग मी नुसता रॉड बसवत राहण्यापेक्षा तो निघतो कधी तेच बघायला लागलो. सरळ कापताना सहसा काही होत नव्हतं. बार (ज्यावर चेन फिरते ती पट्टी) लाकडात अडकला आणि मूठ धरून मशीन ओढलं की हमखास निघायचा. तिथेच डोक्यात आलं की भानगड रॉडची नसणार, काहीतरी हलतंय.

खोलायच्या आधी मशीन पूर्ण गार होऊ दिलं आणि प्लगची कॅप काढून ठेवली. एअर फिल्टर काढण्यापूर्वी चोक (कार्बोरेटरच्या तोंडाची झडप) बंद केला, नाहीतर सगळा भुसा कार्बोरेटरच्या तोंडात जातो. ब्रशने साफ केल्यावर एका हाताने पुढचं हँडल धरलं आणि दुसऱ्या हाताने मागची मूठ खालीवर, मागेपुढे दाबून बघितली. मूठ इंजिनपासून चांगलीच लांब जात होती आणि तेवढ्यात रॉडचं वाकवलेलं टोक लिव्हरच्या भोकातून सरकत सरकत बाहेर यायला लागलं, अगदी डोळ्यासमोर!

माझ्या मशीनमध्ये कार्बोरेटर इंजिनला बोल्ट केलेला आहे आणि ट्रिगर मुठीत, या दोघांच्या मधे फक्त व्हायब्रेशन खाणारे रबर, आणि रॉड ती फट ओलांडून जातो. रबर धड असेल तर मूठ थोडीशीच हलते, तेवढं रॉडला चालतं. माझं मागचं एक रबर पार तुटलं होतं, धातूचा स्टड एकीकडे आणि रबर दुसरीकडे. वरून काहीच दिसत नव्हतं, बॅटरीच्या उजेडात मशीन उलटं करून बघितलं तेव्हा कळलं. पेट्रोल सांडून सांडूनही ही रबरं फुगतात आणि मऊ पडतात. काही मॉडेलमध्ये मात्र कार्बोरेटर मुठीच्याच बाजूला असतो, तिथे रबर तुटलं तरी रॉडवर ताण येत नाही, तिथे ट्रिगरचं प्लास्टिकचं भोक आणि रॉडचं टोक झिजलंय का तेच आधी बघावं.

हे चालू असताना कार्बोरेटर हाताने हलवून बघितला तर तोही डुगडुगत होता, नट ढिले. हे जास्त महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, कारण ढिल्या गॅसकेटमधून (कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं सील) जास्तीची हवा आत शिरते आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं, म्हणजे मिश्रण पातळ झालं (हवा जास्त, पेट्रोल कमी) की इंजिन तापतं, ऑइलही कमी पडतं आणि पिस्टन-सिलेंडरवर ओरखडे येतात. गॅसकेट नवीन घातलं, आटे साफ करून नटला मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (नट ढिले होऊ न देणारा डिंक) एकच थेंब लावला. प्लास्टिकवर तो लागू देऊ नका, काही प्लास्टिकला त्याने तडे जातात.

रबर मी एकच न बदलता सगळेच बदलले, जुनी आणि नवी मिसळली की नव्यावर जास्त भार येतो. बसवताना रबराला पीळ पडू द्यायचा नाही, पीळ राहिला तर लवकर फाटतं. रॉडचं टोक झिजून चकचकीत आणि बारीक झालं होतं म्हणून रॉडही नवीन घेतला. जुना पकडीने वाकवून चालला असता कदाचित, पण लांबी जरा कमी झाली की बटरफ्लाय पूर्ण बंद होत नाही आणि आयडलला, म्हणजे ट्रिगर न दाबता इंजिन नुसतं चालू असतानाही, चेन फिरायला लागते, तो धोका नको वाटला.

सगळं जोडल्यावर इंजिन बंद ठेवूनच ट्रिगर पूर्ण दाबून बघितला, बटरफ्लाय पूर्ण उघडतोय का आणि सोडल्यावर टक आवाज करून आयडलच्या स्क्रूला टेकतोय का. मग तेच मूठ चारी बाजूंना दाबून परत बघितलं, रॉड जागचा हलला नाही. ट्रिगरला किंचित मोकळी चाल राहायला पाहिजे, तीही होती. चालू करून गरम झाल्यावर आयडल सेट केला, चेन पूर्ण थांबेल इतका खाली. माझा आधीच वर चढलेला होता, तो आता बराच खाली घ्यावा लागला.

त्यानंतर जाड ओंडके कापताना बार मुद्दाम जोर लावून ओढला तरी रॉड निघालेला नाही. आता फिल्टर साफ करायला कव्हर काढलं की मूठ एकदा हलवून रबर आणि कार्बोरेटरचे नट बघूनच कव्हर लावतो.