सुटायला पाहिजे तेव्हा बूट सुटला पाहिजे

मृगाचा पाऊस लागला की आमच्या वडगावच्या घरात पहिलं काम ठरलेलं असतं. थोरल्या लेकीच्या स्की, म्हणजे बर्फावरून घसरत जायच्या फळ्या, माळ्यावरून खाली उतरवायच्या. बेळगावचा पाऊस ज्यांनी काढलाय त्यांना कारण सांगायला नको. जुलैत कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी येते, दाराच्या बिजागऱ्या तांबूस होतात. तिथं स्कीच्या दोन्ही अंगांना बसवलेली ती बारीक पोलादी कड कशी वाचणार?

परवाच्या रविवारी पडवीत दोन स्टुलांवर स्की उलटी टाकून मी इस्त्रीनं मेण लावत होतो. शेजारच्या मावशी छत्री मिटवून आत आल्या.

"काय रे, बेळगावात बर्फ कुठं पडालाय, फळ्यांना मेण लावालायस ते?"

"पडतंय तिथं न्यायच्या आधी हे करून ठेवावं लागतंय मावशी."

मग त्या बसल्याच. तळाकडून त्यांचं लक्ष वरच्या बाजूच्या बाइंडिंगकडं, म्हणजे बूट स्कीला अडकवून धरणाऱ्या यंत्राकडं गेलं आणि त्यांनी विचारलं, "आणि ही कसली घोडी बसवलीया ह्याच्यावर?" त्यांना जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय, कारण ही घोडी नीट बसलेली नव्हती म्हणून माझी लेक दीड महिना पायाला पट्टा बांधून होती.

तिनं गुलमर्गला प्राथमिक कोर्स केला होता. पुढच्या हिवाळ्यात मैत्रिणींबरोबर परत गेली आणि तिथंच एका ठिकाणी स्की भाड्यानं घेतल्या. बूट आत ठेवला, टाच दाबली, खट्ट आवाज आला, पैसे दिले. वजन किती, उंची किती, कुणी विचारलं नाही. आधीच्या माणसाला जुळवलेलं बाइंडिंग तसंच तिच्या पायात आलं. तिसऱ्या दिवशी अगदी सौम्य उतारावर, जवळजवळ थांबता थांबता ती पडली. स्की एकीकडं वळली, अंग दुसरीकडं गेलं आणि बूट काही सुटला नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलं. फोन आला तेव्हा मी लेथवर होतो. निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेसनं दीड दिवसाचा प्रवास करून ती बेळगाव स्टेशनवर उतरली, तेव्हा तिच्या हातातली काठी बघून मला बोलता येईना.

मी उद्यमबागेत हायड्रॉलिकची कामं करणारा माणूस. अठ्ठावीस वर्षं व्हॉल्व्हच बनवतोय. लेकीनं जखमी पायानं बसून मला ते यंत्र समजावून सांगितलं आणि मी म्हटलं, अगं, हा तर रिलीफ व्हॉल्व्ह! पंपाचं प्रेशर ठरल्यापेक्षा वर चढलं की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, तेल टाकीत परत जातं, होज म्हणजे तेलाची नळी फुटत नाही. स्प्रिंग जास्त आवळली तर होज फुटणार, सैल ठेवली तर सिलिंडर वजनच उचलणार नाही. बाइंडिंगचंही हेच. पुढचा तुकडा पाय पिळला गेला की बुटाचं टोक बाजूला सोडतो, मागचा तुकडा माणूस पुढं तोंडावर जायला लागला की टाच वर सोडतो. फार आवळलं तर हाडावर येतं. फार सैल ठेवलं तर उभ्या उतारावर वळण घेताना नको तेव्हा स्की निघून जाते, आणि तेही तितकंच वाईट.

बूट किती जोराला सोडायचा त्याचा आकडा दोन्ही तुकड्यांवर छोट्या खिडकीत दिसतो. डिन नंबर म्हणतात त्याला. पुढं आणि मागं आकडा सहसा एकच ठेवतात, पण टाच सुटायला लागणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) पायाच्या पिळाला लागणाऱ्या टॉर्कच्या जवळजवळ चौपट असतो. आकडा कसा काढायचा ते आयएसओ ११०८८ या मानकात बांधून दिलंय. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी, आणि माणूस जपून चालवतो की जोरात. तळाची लांबी बुटाच्या टाचेजवळ प्लॅस्टिकमध्येच उठवलेली असते. तळ जितका लांब तितका आकडा कमी, कारण पाना लांब असला की थोड्या जोरातही पिळ जास्त बसतो. हे तर कुठल्याही फिटरला सांगावं लागत नाही.

पहिल्यांदा त्या मानकातला तक्ता वाचताना मीच चुकलो. लेकीचं वजन ६१ किलो, म्हणून मी ५८ ते ६६ किलोची ओळ धरली. उंची तिची १५६ सेंटिमीटर, ती येते १४९ ते १५७ च्या, म्हणजे एक पायरी वरच्या, हलक्या ओळीत. दोन ओळी वेगळ्या आल्या तर हलकी सेटिंग देणारी ओळ धरायची असा नियम आहे. पन्नाशी गाठलेल्याला आणखी एक ओळ हलकी. माझं हाड तिच्याइतकं चिवट नाही, हे तक्त्यालाही माहीत आहे.

पण खरी गोष्ट आकड्याच्या पलीकडं आहे. व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे झडप टेकते त्या जागेवर, कचरा अडकला की स्प्रिंग कितीही बरोबर लावा, तो ठरल्या प्रेशरला उघडत नाही. स्क्रूवरची खूण एक सांगते, गेज दुसरंच दाखवतो. बाइंडिंगमध्ये ही सीट म्हणजे बुटाच्या टोकाखालची सरकती पट्टी. बूट बाजूला निसटताना तिच्यावरून घसरतो. तिच्यावर वाळू, चिखल, डांबराचा कण बसला किंवा पार्किंगमध्ये चालून चालून बुटाचा तळ खरवडला गेला, की घर्षण वाढतं आणि पाच आकड्याचं बाइंडिंग सातासारखं वागतं. मी ती पट्टी ओल्या फडक्यानं पुसतो. रॉकेल, थिनर, पेट्रोल अजिबात नाही, आतलं ग्रीस धुवून जातं. प्रेशरच्या पाण्याचा फवाराही नको.

दुसरी तपासणी पुढच्या दाबाची, म्हणजे मागचा तुकडा बुटाला पुढं किती रेटतो त्याची. मागचा तुकडा रुळावर सरकतो आणि त्याच्या मागं स्प्रिंग असते. बूट आत दाबून बसवला की तो थोडा मागं हटतो आणि एक खूण दिसते. ती आखलेल्या जागेत आली पाहिजे. काही बाइंडिंगमध्ये खुणेऐवजी मागच्या स्क्रूचं डोकं त्या तुकड्याच्या बाहेरच्या कवचाशी समपातळीत आलं पाहिजे. बूट बदलला की हे पुन्हा बघायचंच, आकडा तोच असला तरी. लेकीच्या अपघाताच्या वेळी दाब नक्की काय होता ते आता कोण सांगणार, पण तिच्या आठवणीप्रमाणे बूट बसवायला दुकानदाराला दोनदा लाथ मारावी लागली होती. तिथंच थांबायला हवं होतं. तसंच बूट आणि बाइंडिंग एका जातीचे हवेत. उतारावर घसरायच्या बुटाचा सपाट तळ वेगळा, चढून जायच्या बुटाचा रबरी तळ वेगळा. आत बसतो म्हणून चालतो असं नाही.

आणि कृपा करून स्क्रू बघून ड्रायव्हर घ्या. स्कीवरच्या बहुतेक स्क्रूंच्या डोक्यावर मोठ्या फुलीच्या मध्ये चार बारीक तिरक्या रेघा असतात. तो पोझीड्राईव्ह, त्याला तीन नंबरचं टोक लागतं. घरातला साधा फिलिप्स घातला की तो वर उचलला जातो, घसरतो आणि डोकं गोल करून टाकतो. एवढे स्वच्छ स्क्रू असे खाल्लेले बघितले की मला फार वाईट वाटतं.

हाडाच्या डॉक्टरांनी आम्हाला एक गोष्ट साफ सांगितली. ही यंत्रणा मुख्यतः नडगीचं हाड वाचवायला घडवलेली आहे, गुडघ्यातल्या लिगामेंटची हमी ती देत नाही. म्हणून मी घरी जुळवतो, पण बर्फावर जायच्या आधी टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर तपासून घ्यायला लेकीला बजावलंय. असं यंत्र असणाऱ्या कारागिरासाठी गेल्या खेपेला कुंद्याचा डबा पाठवला होता.

पावसाळ्याचं काम मात्र सगळं घरचं. कडांवरचा गंज रबरी दगडानं काढतो, डायमंड फाइल हलकी फिरवून बूर, म्हणजे कडेला उठलेले बारीक काटे, घालवतो. मग जुन्या इस्त्रीवर मेण वितळवून तळावर आणि कडांवर जाड थर देतो. इस्त्री एका जागी थांबवायची नाही, धूर आला म्हणजे फार तापली. हा थर खरवडायचा नाही, डिसेंबरपर्यंत तसाच ठेवायचा. तो असला की ओल पोलादाला लागत नाही. दोन्ही स्की पट्ट्यानं करकचून बांधायच्या नाहीत, मधली कमान दबते. पत्र्याखाली तर मुळीच ठेवायच्या नाहीत.

बाइंडिंगची स्प्रिंग सैल करून ठेवावी का, हे बरेच जण विचारतात. मी करत नाही. तिच्या क्षमतेच्या आत दाबून ठेवलेली चांगली स्प्रिंग नुसतं बसून मरत नाही. सैल केली आणि हिवाळ्यात तशीच विसरली, तर मात्र नवा घोळ.

बुटाचं आतलं अस्तर काढून पंख्याखाली वाळवतो, शेगडीजवळ नाही. बकल हलके लावतो, म्हणजे कवच वाकडं होत नाही. न वापरता पडून राहिलेलं जुनं पॉलियुरेथेन दमट हवेत आतून कुजतं, त्यामुळं दरवर्षी टाचेवर आणि टोकावर चीर दिसते का ते नखानं चाचपतो.

मावशी उठता उठता लेक बाहेर आली. बूट चढवला, सतरंजीवर ठेवलेल्या स्कीत टाच दाबली आणि पायाचं टोक हळूहळू बाहेर पिळत गेली. गुडघ्यावर हात होता तिचा. एका क्षणी टक्क झालं आणि बूट मोकळा. दुसरा पायही तसाच. मी पेन्सिलीनं चिठ्ठीवर तळाची लांबी, दोन्ही आकडे आणि तारीख लिहून डाव्या बुटात टाकली.