तिफनीचं लिंबू
आज सकाळी काकानं पेरणीच्या तिफनीला लिंबू-मिरची बांधली आन् मी बोललोच, काका, यानं सोयाबीन उगवते का? काका चिडला नाही. म्हणे, "बापू, विहिरीच्या वावरात बांधलं का म्या कधी? हे कोरडवाहू हाय, इथं माह्या हातात काय हाय?"

दिवसभर तेच डोक्यात. १९१५ ते १९१८ च्या दरम्यान मॅलिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्राचा अभ्यासक न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिला होता, त्यालेही हेच दिसलं, किनाऱ्याजवळच्या शांत पाण्यात मासे धरताना लोकं मंत्रबिंत्र करत नव्हते पण खोल समुद्रात जायचं म्हटलं की सगळे विधी, कारण तिथं जीवाचाच भरवसा नाही.

मागच्या दुबार पेरणीचं कर्ज काकावर अजून आहे. लिंबू सोड म्हणणार होतो, पण त्याच्या बदल्यात मी काय देणार होतो त्याले?