साबणाचे फुगे, दहापर्यंत मोजून

मे महिन्यात ठाण्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. पण सकाळी साडेसातच्या आत, उपवन तलावाच्या आसपास मोकळ्या जागी किंवा आपल्याच सोसायटीच्या गच्चीवर, साबणाचे मोठे फुगे करायला उत्तम वेळ असते. वारा पडलेला असतो, हवा दमट असते. फुग्याच्या पापुद्र्यातलं पाणी खाली ओघळतं आणि हवेत उडूनही जातं, म्हणून तो फुटतो. आपल्याला नकोसा होणारा दमटपणा हे उडून जाणं लांबवतो. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की मात्र फुगे टिकत नाहीत.

हा खेळ मोठ्यांनीही मनापासून खेळावा. झेन या बौद्ध ध्यानपरंपरेच्या बैठकीत नवशिक्याला बहुधा श्वास मोजायला सांगतात. बाहेर सोडलेला प्रत्येक श्वास एक ते दहा मोजायचा आणि मध्येच मन भरकटलं की स्वतःवर न चिडता पुन्हा एकपासून सुरू करायचं. जपानीत याला सुसोकुकान म्हणतात. फुगा फुंकताना हाच सराव होतो, आणि श्वास घाईचा झाला की ते समोर दिसतं: एका मोठ्या फुग्याऐवजी बारीक फुग्यांची माळ निघते.

द्रावण आदल्या रात्री करून ठेवा. ६०० मिली कोमट पाणी, १०० मिली भांड्यांचं लिक्विड, २५ मिली ग्लिसरीन (केमिस्टकडे मिळतं). पाणी फिल्टरचं घ्या. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातल्या क्षारांमुळे साबणाचा जोर कमी होतो आणि पापुद्रा नीट धरत नाही. चमचा हळू फिरवा, फेस होऊ देऊ नका. तरी झालाच तर सकाळी वरून काढून टाका, कारण फेसात बुडवलेल्या कडीवर अखंड पापुद्रा येत नाही. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, पण जास्त घातलं तर द्रावण जड होऊन फुगा खाली बसतो.

छोट्या फुग्यांसाठी तारेची तीनेक सेंटिमीटरची कडी करून तिच्यावर सुती दोरा गुंडाळा. दोरा द्रावण शोषून ठेवतो. तोंड कडीपासून वीतभर लांब ठेवून फुंका. गाल फुगवून नाही, पोटातून, एकसारखं.

मोठ्या फुग्यांसाठी हातभर लांबीच्या दोन काठ्या घ्या. त्यांच्या टोकांना ६० सेंटिमीटरची सुती दोरी बांधा, त्याच टोकांना खाली लोंबणारी १२० सेंटिमीटरची दुसरी, आणि तिच्या मध्यावर वजनासाठी एक वॉशर. सुतळी नको, तिची कुसळं पापुद्रा फोडतात. दोरी पूर्ण भिजवा, काठ्या जवळ ठेवून वर उचला, मग सावकाश लांब करत मागे चालत जा. झेनमध्ये बैठकांच्या मध्ये चालण्याचा सराव असतो, किनहिन. झेनच्या सोतो शाखेत एका श्वासाला अर्धंच पाऊल टाकतात. इथेही तोच वेग ठेवा. त्याहून भरभर चाललात तर पापुद्रा ताणून फाटतो. काठ्या पुन्हा जवळ आणल्या की फुगा सुटतो.

सुटलेल्या फुग्याचा माथा बघत राहा. रंग फिके पडत जातात आणि शेवटी तिथे काळसर ठिपका येतो. पापुद्रा इतका पातळ झालेला असतो की त्याच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणारा प्रकाश एकमेकांना पुसून टाकतो. आता तो कोणत्याही क्षणी जाणार. वज्रच्छेदिका सूत्र या बौद्ध ग्रंथाच्या शेवटच्या गाथेत घडलेल्या सगळ्या गोष्टींना स्वप्न, दव, वीज आणि बुडबुडा म्हटलं आहे. हेच सूत्र कानावर पडून हुइनेंग, म्हणजे झेनचे सहावे आचार्य, या वाटेला लागले अशी परंपरा आहे. फुगा फुटताना हळहळ वाटली तर तीही बघावी, आणि पुढचा श्वास एकपासून मोजावा. फोटो काढायचा मोह शक्यतो टाळा. हात मोबाइलकडे गेला की चाल बिघडते.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. उरलेलं द्रावण तलावात ओतू नका, साबण माशांना घातक असतो. आणि तलावपाळीसारख्या गजबजलेल्या ठिकाणी हा खेळ नकोच: फरशीवर द्रावण सांडलं की माणसं घसरतात. गच्चीवरही शेवटी बादलीभर पाणी ओतून जागा धुऊन काढा. डोळ्यात गेलं तर चोळू नका, साध्या पाण्याने धुवा.

उरलेलं झाकणाच्या बाटलीत भरून सावलीत ठेवा. गढूळ झालं किंवा वास आला की मोरीत ओतून नवं करा.