कोकणातली जुनी मरीना: गंज, पत्रा आणि रिपासिंग

नोव्हेंबर २००७ मध्ये पासिंग झालेली आमची टाटाची पेट्रोल इंडिगो मरीना, म्हणजे मागे लांब डिकी असलेली इंडिगो, अजून रस्त्यावर आहे म्हटलं की रत्नागिरीत पहिला प्रश्न येतो, "पंधरा वर्षं झाली ना, मग भंगारात नाही गेली?" दिल्ली परिसरात डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांचा नियम आला, तो ऐकून हा समज सगळीकडे पसरलाय. आपल्याकडे खासगी गाडी तपासणीत पास झाली की नोंदणी पुढे पाच वर्षं वाढवून मिळते, यालाच रिपासिंग म्हणतात. कोकणात गाडी कागदामुळे क्वचितच मरते. तिला मारतो तो गंज, आणि पासिंगची तारीख जवळ येईपर्यंत बऱ्याच जणांनी पत्र्याच्या आत बघितलेलंच नसतं.

आम्हाला ही गाडी सोडायची नव्हती, कारण तिच्यासारखी दुसरी आता मिळत नाही. मागची सीट पाडली की आंब्याच्या पेट्या सपाट रचता येतात. डिकीचा उंबरठा खाली असल्याने पेटी छातीपर्यंत उचलावी लागत नाही. आईची व्हीलचेअर न मोडता आत जाते. पुढचे बरेच सुटे भाग साध्या इंडिगोचे चालतात, पण डिकीचं दार, मागचे दिवे, मागच्या बाजूच्या काचा या फक्त मरीनाच्याच. त्यामुळे मागचा पत्रा गेला तर गाडी गेली, हे मला पक्कं ठाऊक होतं.

२०२२ चा पावसाळा संपता संपता डिकीच्या दाराच्या खालच्या कडेला रंग फुगलेला दिसला. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंग आतून वर उचलला जातो. बाहेर फोड दिसला म्हणजे आतलं काम बरंच आधी सुरू झालेलं असतं. डिकीतला गालिचा उचलला तर खालचा नमदा (जाड लोकरी थर) ओला, आणि स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी. त्याला मासळीचा वास होता. बर्फातली मासळी आणताना गळणारं पाणी आणि वरून येणारं पावसाचं पाणी एकत्र झालं होतं. नुसत्या पाण्यापेक्षा मिठाच्या पाण्यात पत्रा कितीतरी वेगाने कुजतो, आणि मीठ हवेतली ओल धरून ठेवत असल्याने तो पत्रा उन्हाळ्यातही पूर्ण सुकत नाही.

पाणी कुठून येतंय हे शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं. पद्धत सोपी आहे, पण दोन माणसं लागतात. डिकी रिकामी केली, सगळा पत्रा कोरड्या फडक्याने पुसला आणि सांध्यांवर टाल्कम पावडर शिंपडली. मी टॉर्च घेऊन आत बसलो आणि बाहेरून मुलगा नळीने पाणी सोडत राहिला, आधी खाली, मग हळूहळू वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काही कळत नाही. काचेच्या रबरापाशी काही नव्हतं. डाव्या दिव्यापाशी पाणी पोचलं आणि पावडरमध्ये एक ओली रेघ उमटली. दिव्यामागचं गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारं रबर, कडक होऊन चिरलं होतं. दिवा काढून नवं गॅस्केट आणि कडेने काळा ब्यूटिल टेप (चिकट रबरी पट्टी) लावला, पुन्हा पाणी मारलं, पावडर कोरडी राहिली. इतक्या स्वस्त गोष्टीमुळे स्टेपनीचा खड्डा कुजायला लागला होता.

मग गाडी पत्र्याच्या मिस्त्रींकडे नेली. माळनाक्याजवळचे हे मिस्त्री कमी बोलतात. त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दाराखालची पोकळ पट्टी पुढून मागे ठोकत नेली. चांगला पत्रा टणटण वाजतो, मागच्या चाकाजवळ आवाज बसका झाला. तिथे लोहचुंबक धरलं तर ते चिकटेना, म्हणजे पूर्वी कुणीतरी पत्रा न बदलता नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारला होता. गाडीच्या पोटाला तर एका गॅरेजमध्ये काळं रबरी कोटिंग करून घेतलेलं होतं. मिस्त्रींनी पटाशी घातली तसं ते थरच्या थर सुटलं आणि खाली लाल भुकटी.

"काका, हे कोटिंग गंजावरच मारलंय. वरून चांगलं दिसतं, आत पाणी कोंडतं. आणि ही भोकं बघा, सगळी बुजवली."

ती भोकं म्हणजे दाराच्या आणि पट्टीच्या तळाशी पाणी निघून जायला कंपनीने ठेवलेल्या वाटा. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत उतरतंच, ते अडवता येत नाही, खालून निघून जावं एवढीच सोय असते. कोकणात त्यात जांभ्याची लाल माती बसते, तिचा गारा चाकाच्या कमानीत आतल्या दुमडीत घट्ट भरतो आणि डिसेंबरपर्यंत ओला राहतो. मला या सगळ्यातून पटलेली गोष्ट हीच आहे: कोटिंगपेक्षा पाण्याला वाट ठेवणं महत्त्वाचं. वाट मोकळी असेल तर साधा रंगही टिकतो, वाट बुजली तर महागडं कोटिंगच पत्र्याचा घात करतं.

काम ऑक्टोबरच्या उन्हात केलं. कोकणात पावसाळ्यात पत्र्याचं आणि रंगाचं काम काढूच नये, प्रायमरखाली ओल कोंडते. कुजलेला भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापला आणि नवा तुकडा सीओटू वेल्डिंगने जोडला. गॅस वेल्डिंग स्वस्त पडतं, पण त्यात आजूबाजूचा पत्रा फार तापतो आणि आतल्या बाजूचा रंग जळून नवा गंज तिथूनच सुरू होतो. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढली, गालिचे बाहेर घेतले. डिकीत दोन्ही बाजूंना शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) जिथे वर बोल्टने धरलेले असतात तो पत्रा मी मुद्दाम वायर ब्रशने घासून बघायला लावला. तो गेला असता तर गाडी दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. सुदैवाने तिथे वरवरचाच गंज होता. अशा खड्डे पडलेल्या पण मजबूत पत्र्यावर फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावलं, ते लाल गंजाचा काळा थर करतं. त्यावर इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, मग लांबी, मग रंग. क्रम महत्त्वाचा आहे. लांबी ओल शोषते, म्हणून ती उघड्या पत्र्यावर कधीच नको.

शेवटी पोकळ पट्ट्यांमध्ये आणि दारांच्या आत लांब नळीने मेण फवारलं. हे पातळ मेण सांध्यांत शिरतं आणि सुकल्यावरही मऊ राहतं, म्हणून त्याला तडे जात नाहीत. ते थिजल्यावर प्रत्येक भोकात तार घालून वाट मोकळी आहे ना ते बघितलं. पोटाला पुन्हा रबर मारलं नाही.

पत्रा उघडा होता तेव्हाच ब्रेकच्या लोखंडी नळ्या तपासल्या आणि मागच्या दोन बदलून घेतल्या. गंजलेला दरवाजा वाईट दिसतो, गंजलेली ब्रेकची नळी जीव घेते. ब्रेक ऑइलही ओल ओढतं, ते दर दोन वर्षांनी बदलावं. लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या दांड्याच्या सांध्यातली रबरं), वायपर, हॅन्डब्रेक, हेडलाइटचा रोख ही कामं ओघाने झाली. टायरची नक्षी चांगली असली तरी कडेवरच्या चार अंकांत बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असतं, ते वाचून पुढची जोडी बदलली.

त्यानंतर आरटीओचं काम अगदी सरळ झालं. मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत नोंदणी नूतनीकरणाचा फॉर्म २५ भरता येतो. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली होती, वर पेट्रोल गाडीला पाच वर्षांचा ३,००० रुपये पर्यावरण कर. उशीर केला तर महिन्यागणिक दंड. पीयूसी आणि विमा चालू हवा. निरीक्षकांनी दिवे, हॉर्न, ब्रेक आणि चेसिस नंबर बघितला. तो नंबर आदल्या दिवशी रॉकेलच्या फडक्याने पुसून वाचता येईल असा केला होता. तिथे ग्राइंडर किंवा सँडपेपर लावू नये, आकडे पुसट झाले तर गाडी तिथेच अडकते.

आता दरवर्षी आश्विनात गाडी पोटाखालून धुतो. आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, खाडीकाठच्या बऱ्याच विहिरींचं होतं, त्याने गाडी धुणं म्हणजे पत्र्याला मीठ चोळणं. म्हणून नळाचंच पाणी वापरतो. बॉनेटमागच्या, पुढच्या काचेखालच्या खाचेतला पाला काढतो. प्लास्टिकचं कव्हर घालत नाही, गाडी पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये वाऱ्याला असते. मासळी आली तर झाकणाच्या डब्यातच.

पुढचं पासिंग नोव्हेंबर २०२७ मध्ये आहे. २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींची फी १०,००० रुपये झालीय. पासिंगआधी डिकीच्या काचेचं रबर बदलायला हवं, ते आता कडक व्हायला लागलंय. कोल्हापुरात जुने भाग विकणाऱ्या दोघांना माप देऊन ठेवलंय.