आमची वाटचाल : ३५ सेकंद आणि पावणेचार मिनिटं

२००९ ला भोसरी एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेतला, एक सेकंडहँड व्हीएमसी (प्रोग्रामवर धातू कापणारं मशीन) टाकली आणि नोकरी सोडली. डिप्लोमा मेकॅनिकल, आठ वर्षं टूलरूममध्ये (साचे-हत्यारं बनवायच्या विभागात) काढलेली, त्यामुळे मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची, भीती नव्हती. धंद्यातलं काही कळत नाही हे मात्र तेव्हा कळत नव्हतं.

पहिली काही वर्षं मी मालक कमी आणि सेटर, म्हणजे जॉबसाठी मशीन लावून देणारा, जास्त. इंजिनातल्या ऑइल पंपाच्या हाउसिंगचा (बाहेरच्या कवचाचा) जॉब होता, दोन रात्री प्रोग्रामवर बसून, फिक्श्चर (पार्ट पकडून ठेवायची जोडणी) बदलून त्याची सायकल टाइम, म्हणजे एका नगाच्या मशीनिंगचा वेळ, ४ मिनिटं १० सेकंदांवरून ३ मिनिटं ३५ वर आणली आणि सगळ्या पोरांना वडापाव दिला. वर्षाअखेरीला सीए म्हणाला, टर्नओव्हर वाढलाय पण हातात काय राहिलं? मग कागद घेऊन बसलो. माल ४० नगांच्या लॉटने जायचा, प्रत्येक लॉटला सेटिंग अडीच तास, म्हणजे नगामागे पावणेचार मिनिटं नुसतं सेटिंग, मशीनिंगपेक्षा जास्त! आणि मी ३५ सेकंद वाचवून खूश. लॉट २०० चा झाला तर तेच सेटिंग नगाला ४५ सेकंद पडतं, पण ते मशीनसमोर उभं राहून होत नाही, कस्टमरच्या परचेस डिपार्टमेंटला जाऊन बोलावं लागतं. तेच तर मी टाळत होतो, त्या केबिनबाहेर बसायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा.

२०१९ ला ऑटोची मंदी आली, ऑर्डरचं शेड्यूल निम्म्यावर. ८० टक्के काम एकाच कस्टमरचं, लहान उद्योगांच्या एमएसएमई कायद्यात पेमेंटला जास्तीत जास्त ४५ दिवस आणि आमचं यायचं ११० ला, कायदा दाखवायची सोय नाही. त्यात लॉकडाउन. रिकाम्या गाळ्यात बसून पहिल्यांदा डोक्यात आलं की इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नाही, मग आपण पुढे बनवणार काय? तिथून फूड मशिनरीचे पार्ट शोधायला लागलो.

आता आमच्या प्रोग्रामिंगवाल्या पोराला प्रॉडक्शन बघायला दिलंय. अट एकच, तीन महिने मशीनला हात लावायचा नाही. अलार्म वाजला की बिचारा पळायचा, मी मागून हाक मारायचो. दर सोमवारी त्याने फक्त वही आणायची, कुठल्या जॉबने किती तास खाल्ले, पैसे किती आले, कधी आले.

मध्यंतरी म्हणाला, ‘सर, रागावू नका, तो हाउसिंगचा जॉब सोडून देऊ. २०० चा लॉट ते देणार नाहीत.’ ज्या जॉबवर गाळा उभा राहिला तोच. दोन आठवडे मी ‘बघू’ म्हणत राहिलो.

शेवटचा लॉट परवा गेला. फिक्श्चर अजून रॅकवरच आहे, भंगारात टाकवत नाही.